जुना ट्यूब अ‍ॅम्प घरी आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर

साठच्या दशकातल्या ५० वॅटच्या हेडला (स्पीकर वेगळ्या पेटीत असलेल्या अ‍ॅम्पला) मी पहिल्यांदा गिटार जोडली तेव्हा सपशेल निराश झालो होतो. व्हॉल्यूम २ वर होता आणि आवाज असा, की जणू कोणी स्पीकरवर गोधडी पांघरलीय. अ‍ॅम्पचा मालक काही बोलला नाही. उठून खिडक्या लावल्या, नॉब ६ वर नेला आणि म्हणाला, "आता वाजव." पहिला कॉर्ड थेट छातीवर आला. तार सोडून दिली तरी सूर विरेना, उलट हळूहळू दुसऱ्याच सुरात चढायला लागला. हळू छेडलं की स्वच्छ, जोरात मारलं की खरखरीत, आणि मधल्या सगळ्या छटा बोटांत.

हा लेख त्या २ आणि ६ च्या मधल्या अंतराबद्दल आहे. त्या काळी हे अ‍ॅम्प मोठ्या आवाजासाठीच बनवले गेले. रॉकवाल्यांचा जीव मात्र जडला तो त्या आवाजापाशी पोचताना यंत्राला पडणाऱ्या कष्टांवर. हे कष्ट कुठे पडतात ते नीट कळलं, तर कोणता अ‍ॅम्प घ्यायचा, तो कसा तपासायचा आणि घरातल्यांशी भांडण न होता कसा वाजवायचा, हे बरंचसं आपोआप ठरतं.

कष्ट कुठे पडतात

गिटारच्या पिकअपमधून (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागातून) येणारा सिग्नल काहीशे मिलिव्होल्टचा, म्हणजे अगदीच अशक्त. तो आधी प्रीअ‍ॅम्पच्या छोट्या ट्यूबांत, म्हणजे निर्वात काचेच्या नळ्यांत, वाढतो. बहुतेक ठिकाणी ही ट्यूब १२एएक्स७ असते, ब्रिटनमध्ये तिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिथून सिग्नल फेज इन्व्हर्टरमध्ये जाऊन दोन उलटसुलट भागांत विभागला जातो, मग पॉवर ट्यूबांकडे, तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला.

व्हॉल्यूम २ वर असताना यातलं कोणीच घाम गाळत नसतं. ६ वर फेज इन्व्हर्टर आणि पॉवर ट्यूबा मर्यादेला टेकतात. ट्रान्झिस्टरचा साधा अ‍ॅम्प मर्यादेला टेकला की लहरीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. ट्यूबच्या जुन्या सर्किटमध्ये तो आधी दबतो, गोलावतो आणि मगच कापला जातो. त्यातही फरक आहेत. ज्या अ‍ॅम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत देण्याची जोडणी, नाही (व्हॉक्स एसी३० हे ठळक उदाहरण) तो हळूहळू फाटत जातो, म्हणजे त्याचा आवाज खरखरीत होत जातो. ज्यात फीडबॅक भरपूर आहे तो बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग एकदम सुटतो.

ज्या अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायरही (एसी विजेची डीसी करणारा भाग) ट्यूबचाच असतो, तिथे आणखी एक गंमत. जोरात कॉर्ड मारला की वीजपुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि मग सावरतं. वाजवणाऱ्याच्या बोटांना हे लवचीक लागतं, तारेखाली स्प्रिंग असल्यासारखं. शेवटी स्पीकर: साठच्या दशकातल्या सेलेस्टियन ग्रीनबॅकचा कागदी कोन २०-२५ वॅटचा. भरपूर ताकद मिळाली की तोही स्वतःचं थोडं फाटणं मिसळतो.

"ट्यूब सम हार्मोनिक देते म्हणून गोड वाटते" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल (सम हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, चौपट अशा सम पटीतले उपसूर). ते अर्धंच खरं आहे. पुश-पुल पद्धतीच्या, म्हणजे लहरीच्या दोन बाजू दोन ट्यूबांनी आळीपाळीने उचलायच्या, पॉवर विभागात सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडून काढतात, आणि मोठे रॉक अ‍ॅम्प जवळजवळ सगळे पुश-पुलच आहेत. गोडवा एका जागी नाही. तो या सगळ्या थोड्याथोड्या कष्टांच्या बेरजेत आहे.

एक वाटा आपल्या कानांचाही आहे. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलं होतं. आवाज वाढला की सगळं भरदार वाटतं. म्हणजे "मोठा केला की चांगला लागतो" यात थोडी फसगतही आहे.

इतके मोठे बनवलेच का?

कारण गाण्याचे माइक आणि सभागृहाचे स्पीकर तेव्हा फार दुबळे होते. गिटारचा आवाज गिटारच्याच अ‍ॅम्पने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असे. १९६५ मध्ये बीटल्स शे स्टेडियमवर वाजवायला उभे राहिले ते व्हॉक्सचे १०० वॅटचे अ‍ॅम्प घेऊन, आणि तरीही किंचाळ्यांपुढे ते कमीच पडले.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. १९६२ च्या सुमारास तिथे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बनवला. नक्कल जवळपास तंतोतंत होती, पण सुटे भाग ब्रिटनमध्ये मिळतील ते. पहिल्या ट्यूबच्या जागी बासमनच्या १२एवाय७ ऐवजी जास्त वाढवणारी ईसीसी८३ आली आणि मागून उघड्या पेटीऐवजी बंद पेटीत १२ इंची सेलेस्टियन बसले. एवढ्याशा बदलांनी अ‍ॅम्पचा स्वभावच पालटला. पुढे द हू बँडच्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता, त्यातून १०० वॅटचा मार्शल आला. त्याने एकाच पेटीत ८ स्पीकर मागितले होते. ती पेटी वाहून माणसांचे हाल झाले, मग ४-४ च्या दोन पेट्या एकावर एक ठेवल्या. मार्शल स्टॅक म्हणून जे चित्र डोळ्यांसमोर येतं, त्याच्या मुळाशी हमालांची पाठदुखी आहे.

१९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या बँडसोबत ध्वनिमुद्रण करताना मार्शलचा कॉम्बो (स्पीकर त्याच पेटीत असलेला अ‍ॅम्प) रंगमंचावरच्या आवाजातच ठेवला, तो कमी करायला नकार दिला. फाटलेला आवाज हा दोष न राहता शैली होण्यात या ध्वनिमुद्रणाचा मोठा वाटा आहे.

पहिली पायरी: खोली बघून वॅट ठरवा

इथे सगळेच चुकतात, मीही चुकलो. १०० वॅट ५० वॅटच्या दुप्पट मोठा लागत नाही. ताकद दुप्पट झाली की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला "दुप्पट मोठं" वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट ताकद लागते. गिटारचा बरा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतो. म्हणजे ५ वॅटचा इवलासा अ‍ॅम्पही पूर्ण उघडला की १०४ च्या पुढे जातो. ५० वॅटचा ११४ ते ११७.

याचा व्यवहारातला अर्थ असा:

- घरच्या खोलीत अ‍ॅम्पला खरोखर घाम फोडायचा असेल तर ५ वॅटसुद्धा जास्त आहे.
- ड्रमसोबत तालमीला १५ ते २२ वॅट बहुधा पुरतात. नील यंग आयुष्यभर ज्या फेंडर डिलक्सला चिकटून आहे, तो जेमतेम १५ वॅटचा.
- ५० आणि १०० वॅटमधला खरा फरक मोठेपणात कमी आणि खर्जाच्या घट्टपणात जास्त आहे. मोठे ट्रान्सफॉर्मर, कमी दबणं. काही जणांना नेमकं तेच हवं असतं, आणि त्यांना २२ वॅटचा अ‍ॅम्प कधीच पटणार नाही.

दुसरी पायरी: घराणं निवडा

गाण्यात जशी घराणी, तशीच अ‍ॅम्पमध्ये. नावावर न जाता स्वभावावर जा.

फेंडर घराणं अमेरिकेचं. १९६३ ते ६७ मधले काळ्या पॅनेलचे अ‍ॅम्प, ६एल६ किंवा ६व्ही६ ट्यूबा, मधले सूर थोडे खोलगट, वरचे चमकदार. ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब शेवटपर्यंत स्वच्छ राहतो. त्याच्याकडून फाटलेला आवाज मागू नका, मिळेपर्यंत भिंती हलतील. त्याआधीचे, पन्नासच्या दशकातले ट्वीड कापडाचे अ‍ॅम्प मात्र लवकर आणि लाडिक फाटतात.

व्हॉक्स एसी३० मध्ये ४ ईएल८४. घंटेसारखा वरचा सूर, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. क्वीन बँडच्या ब्रायन मेच्या त्या गाणाऱ्या, व्हायोलिनसारख्या आवाजामागे पूर्ण उघडलेले एसी३० आणि पुढे लावलेला ट्रेबल बूस्टर आहे. या अ‍ॅम्पच्या ट्यूबा कायम तापलेल्या राहतात, त्यामुळे त्या लवकर संपतात, हे हिशेबात धरा.

मार्शल म्हणजे मधल्या सुरांची गुरगुर. १९६५ ते ६९ मधल्या हेडना पुढच्या प्लेक्सिग्लासच्या पट्टीवरून प्लेक्सी म्हणतात. हायवॉट हा ब्रिटिशच, पण शिस्तीचा. आतली वायरिंग लष्करी दर्जाची, आवाज प्रचंड आणि तरीही सुटा. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर वापरतो तो हाच. पेडल खूप वापरत असाल तर हायवॉट किंवा फेंडर घ्या. गिटार थेट अ‍ॅम्पला लावणारे असाल तर मार्शल, व्हॉक्स किंवा ट्वीड.

तिसरी पायरी: विकत घेण्याआधीची तपासणी

जाताना टॉर्च, एक लाकडी पेन्सिल आणि स्वतःची गिटार न्या. दुसऱ्याच्या गिटारवर कोणताही अ‍ॅम्प ओळखू येत नाही.

आधी बंद अ‍ॅम्प बघा. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. अमेरिकेतला जुना अ‍ॅम्प ११० ते ११७ व्होल्टसाठी बनलेला असतो. २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलात तर मेन ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर जातील. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेही लक्षात ठेवा.

दोन पिनांची जुनी वायर दिसली तर तो अ‍ॅम्प तसाच वाजवू नका. अनेक अमेरिकी अ‍ॅम्पमध्ये मेन लाइन आणि चॅसी (सर्किट बसवलेली धातूची चौकट) यांच्या मध्ये एक कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांत मेनची वीज येते, आणि समोरच्या अर्थ केलेल्या माइकला ओठ लागला की सर्किट तुमच्यातून पुरं होतं. काही अगदी स्वस्त छोट्या अ‍ॅम्पमध्ये मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. ते कितीही गोंडस दिसले तरी नवशिक्याने सोडून द्यावेत.

ट्रान्सफॉर्मरवर जळल्याचा वास, वितळून ओघळलेलं मेण किंवा नवे बोल्ट दिसले तर कारण विचारा. कपॅसिटर बदललेले असतील तर उलट चांगलंच, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल तर अ‍ॅम्पची किंमत आणि बरेचदा स्वभावही बदलतो.

साल ताडून बघायचं असेल तर अमेरिकी पॉटच्या (नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरच्या) पाठीवरचा आकडा वाचा. १३७६६४२ असा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ४२ म्हणजे बेचाळिसावा आठवडा. अ‍ॅम्प त्याआधीचा असू शकत नाही, नंतरचा मात्र असू शकतो. पॉट महिनोन्‌महिने कपाटात पडून असत. हे आकडे चॅसी बाहेर काढल्याशिवाय दिसत नाहीत, तेव्हा ती मालकालाच काढायला सांगा आणि आत हात घालू नका. कारण पुढे येतंच आहे.

मग चालू अ‍ॅम्प. गिटार न लावता व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. थोडी सळसळ चालते. मेनच्या दुप्पट वारंवारतेची जाड गुणगुण असेल तर फिल्टर कपॅसिटर थकलेत. तडतड किंवा बटाटे तळल्यासारखा आवाज असेल तर जुने रेझिस्टर किंवा ट्यूबचं सॉकेट. प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबांवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून ठणठण घुमली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीय. हा किरकोळ खर्च आहे, फक्त भाव करताना कामाला येतो. शेवटी अंधार करून पॉवर ट्यूबा बघा. आतला नारिंगी उजेड नेहमीचा, काचेवर निळसर झाक असली तरी घाबरू नका. पण आतला राखाडी पत्रा लाल होत असेल तर त्याच क्षणी अ‍ॅम्प बंद करा.

चौथी पायरी: घरी आणल्यावर लगेच वाजवू नका

हे मी केलं आणि एक फ्यूज, दोन ट्यूबा आणि एका रविवारची आहुती दिली. वर्षानुवर्षं बंद असलेल्या अ‍ॅम्पचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुस्तावलेले असतात. अनुभवी कारागीर अशा अ‍ॅम्पला आधी सिरीज बोर्डावर, म्हणजे मध्ये बल्ब जोडून चालू करतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो.

दोन नियम पाठच करा.

पहिला: स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही. वीज पलीकडे जायला वाट नसली की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फोडतं. ओहमचा आकडा जुळवा, ८ च्या जागेला ८, १६ ला १६. आणि जोडायला स्पीकरचीच केबल घ्या, गिटारची बारीक केबल चालत नाही.

दुसरा: आत हात घालायचा नाही. आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो साठा धरून ठेवतात. कपॅसिटर रिकामे करायचं रीतसर शिकलेल्या माणसाचंच ते काम आहे.

त्या माणसाकडून एवढं करून घ्या: तीन पिनांची अर्थ केलेली वायर, तो मेनचा धोकादायक कपॅसिटर काढणं, फिल्टर कपॅसिटर नवे, गळके कपलिंग कपॅसिटर नवे, सॉकेट आणि पॉट साफ, आणि शेवटी बायस (गिटार गप्प असताना पॉवर ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा ते लावणं). काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत मागा. पुढे कधी विकायची वेळ आली तर ते कामाला येतात. "सगळंच बदलून टाकू" म्हणणाऱ्या कारागिरापासून मात्र चार हात लांब राहा. जे चालतंय ते तसंच राहू दे.

बायसचा हिशेब तुम्हालाही कळलेला बरा. ईएल३४ ची पत्र्यावर सोसायची मर्यादा २५ वॅट. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये तिच्या साधारण ७० टक्क्यांच्या वर जायचं नाही, म्हणजे १७.५ वॅट. पत्र्यावर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५० म्हणजे ३९ मिलिअँपिअर. हा वरचा आकडा झाला. ३२-३५ वर आवाज आवडत असेल तर तिथेच थांबा, ट्यूबा जास्त टिकतील. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पला (पुन्हा एसी३०) असा नॉब फिरवून बायस लावावा लागत नाही.

पाचवी पायरी: त्याला बोलतं करा

चालू करताना स्टँडबाय स्विच असेल तर मिनिटभर थांबा, मग तो उघडा.

चार इनपुटच्या मार्शलमध्ये दोन चॅनल असतात, एक चमकदार, एक जाडसर. गिटार चमकदार चॅनलच्या वरच्या इनपुटला लावा, त्याच्या खालच्या इनपुटमधून छोटी केबल दुसऱ्या चॅनलच्या वरच्या इनपुटमध्ये घाला. आता दोन्ही व्हॉल्यूम मिसळता येतात. चमकदार ५, जाडसर ३ पासून सुरुवात करा. खर्जाचा नॉब खाली आणा, अगदी २ वर. अ‍ॅम्प जसा उघडत जातो तसा खर्जच सगळ्यात आधी चिखल करतो. टोनचे नॉब बघू नका, कानाने फिरवा.

आता खरी गुरुकिल्ली: अ‍ॅम्प जोरकस फाटेपर्यंत उघडा आणि मग गिटारचा व्हॉल्यूम ४-५ वर आणा. आवाज स्वच्छ होतो. सोलोला पुन्हा १०. पेडल दाबायची गरज नाही, करंगळीने काम होतं. पेडलांवर वाढलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला आठवडाभर लागतो. नंतर तो मागे वळत नाही.

स्पीकर कुठे तोंड करून आहे ते बघा. गिटारच्या स्पीकरचा वरचा सूर टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. अ‍ॅम्प जमिनीवर, तुम्ही त्याच्या शेजारी उभे, म्हणजे झोत गुडघ्यांवर. तुम्हाला आवाज बोथट वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि पाच मीटरवरच्या माणसाच्या कानात सुया टोचतात. अ‍ॅम्प तिरका करा किंवा खुर्चीवर ठेवा, आणि मगच नॉब लावा.

सहावी पायरी: आवाज काबूत आणणं

अ‍ॅटेन्युएटर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि जादा ताकद उष्णतेत घालवतो. साधा रेझिस्टरवाला स्वस्त असतो, पण स्पीकरचा ओहम सुरागणिक बदलतो, रेझिस्टरचा बदलत नाही, म्हणून आवाज थोडा मळका होतो. रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा हा फरक बराच सांभाळतो. ६ डेसिबलपर्यंत कमी केलंत तर फारसं कळतही नाही. २० डेसिबल कमी केलंत तर ट्यूबा घाम गाळत असतात आणि स्पीकर झोपलेला असतो, तेव्हा निम्मी मजा गेलेली असते. अ‍ॅटेन्युएटरची क्षमता अ‍ॅम्पच्या आकड्याच्या दुप्पट तरी घ्या. पूर्ण फाटलेला ५० वॅटचा अ‍ॅम्प ७० च्या पुढे जातो. याच कारणाने १०० वॅटच्या हेडला २५ वॅटचे ४ जुने ग्रीनबॅक लावून १० वर वाजवणं म्हणजे स्पीकरचं श्राद्ध घालणं.

एडी व्हॅन हेलन व्हॅरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मार्शलचं मेन व्होल्टेज ९० च्या आसपास खाली आणत असे. ती नक्कल करू नका. व्होल्टेज उतरलं की ट्यूबची फिलामेंट थंड पडते, बायस सरकतो, आणि चुकून व्होल्टेज चढवलंत तर सगळंच संपलं.

कान मात्र परत मिळत नाहीत. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला उरतात १५ मिनिटं. स्टॅकला जन्म देणारा टाउनशेंड स्वतःच्या बहिरेपणाबद्दल आणि कानात वाजणाऱ्या शिट्टीबद्दल उघड बोलत आला आहे. वादकांसाठीचे प्लग सगळे सूर सारखेच कमी करतात, त्यामुळे आवाज बोदा होत नाही. ते गिटारच्या केसमध्येच ठेवा, नाहीतर घरी राहतात.

रोजचं सांभाळणं

वाजवून झाल्यावर दहा मिनिटं अ‍ॅम्प हलवू नका, तापलेल्या ट्यूबला धक्का सोसत नाही. ट्विन रिव्हर्बसारखा कॉम्बो २९ किलोच्या आसपास भरतो, एकट्याने जिन्यावरून नेऊ नका. महिन्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा, बंद अ‍ॅम्प चालू अ‍ॅम्पपेक्षा लवकर म्हातारा होतो. पॉवर ट्यूबांची जोडी जुळवलेली घ्या आणि जोडीनेच बदला. आवाज ढिला पडला, खर्ज विस्कटला की वेळ आली समजा. प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबा वर्षानुवर्षं चालतात, त्या उगाच बदलत बसू नका. ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या जुन्या मुलार्ड ट्यूबा सुरेख लागतात हे खरं, पण त्या पैशात आधी चांगला स्पीकर येईल आणि फरक जास्त ऐकू येईल.

एक कागद मागच्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवा: कपॅसिटर कधी बदलले, ट्यूबा कोणत्या, पत्र्यावर किती व्होल्ट, बायस किती. माझ्या त्या ५० वॅटच्या हेडमध्ये (हो, शेवटी मीच घेतला) आधीच्या मालकाच्या अक्षरात असा एक पिवळा कागद होता. त्याच्याखाली पेन्सिलीने एकच ओळ लिहिलेली: "खर्ज २ वरच ठेव."